आहेराऐवजी देणगी – पत्रिकेत छापावं का? खान्देशातल्या मंडळींनी सांगा

चोपड्याची_लेक | ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची, एप्रिलमधली तिथी आहे, मांडव चोपड्याला. मुलगी शहाद्याची. दोघं पुण्यात नोकरीला आहेत, भाड्याचं का होईना भरलेलं घर आहे. दोघांचं एकच म्हणणं: आम्हाला आहेर नको. घड्याळं, डिनर सेट, फ्रेममधले गणपती ठेवायचे कुठे? त्यापेक्षा पत्रिकेत छापू की आहेराऐवजी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वसतिगृहाला देणगी द्या. आदिवासी मुलामुलींचं आहे, भाऊ कॉलेजात असताना तिथे सुट्टीत शिकवायला जायचा. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको.

मला कल्पना आवडली. अण्णांना सांगितली तर ते रागावले नाहीत, बोललेही नाहीत. आत जाऊन कपाटातल्या आहेराच्या वह्या आणून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मग यांचं काय करू?" आई तर वेगळ्याच कारणाने गप्प आहे.

कुणी असं केलंय का? मजकूर कसा लिहिला? इन्कम टॅक्सचं काही असतं का? भाऊ क्यूआर कोड पण छापू म्हणतोय.

वरणबट्टी_प्रेमी

छापा बिनधास्त. पत्रिका वाचतंय कोण? व्हॉट्सअ‍ॅपला फोटो येतो, लोक तारीख आणि जेवणाची वेळ बघून पुढे सरकतात.

एरंडोलचा_नाना

ताई, तुमच्या अण्णांनी वह्या काढल्या ते बरोबर केलं. पुण्याच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे आहेर म्हणजे भेटवस्तू नाही, व्यवहार आहे. गावातली मोठी भिशी म्हणा हवं तर, फक्त नंबर चिठ्ठीने लागत नाही, पोरंबाळं लग्नाला आली की लागतो. माझ्या मोठ्या मुलीचं लग्न झालं त्या साली कापूस बोंडअळीने गेला होता. मांडववाला, आचारी, बँडवाला, सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. त्यांचे पैसे मी आहेरातून दिले. कुणी ५१, कुणी १०१, भाऊबंदांनी ५०१, मेव्हण्यांनी त्याहून जास्त. प्रत्येकाचं नाव वहीत आहे, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी मी फेडून आलोय. काहींचं अजून बाकी आहे, कारण त्यांच्याकडे कार्यच निघालेलं नाही.

आता तुमच्या लग्नाला असा एक माणूस येणार ज्याच्या पोरीच्या लग्नात अण्णांनी ५०१ लिहिले होते. तो खिशात ६०१ घालून येणार. नेहमी थोडं वाढवूनच फेडतात. पत्रिकेवर काय? आहेर नको, वसतिगृहाला द्या. त्याने त्या डब्यात टाकले तर तुमच्या अण्णांचं फिटलं की नाही फिटलं? वहीत काय लिहायचं? आणि नाही टाकले तर तो माणूस तसाच ओझं घेऊन घरी जाणार. मला विचाराल तर तो मांडवामागे अण्णांना गाठून हातात पैसे कोंबेलच.

तुमच्या भावाला वाटतं की तो स्वतःचा आहेर सोडतोय. तो आहेर त्याचा नाहीच. अर्धा अण्णांनी गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात पेरलेला आहे, आणि उरलेला अण्णांना पुढे फेडायचा आहे.

जळगाव_ते_हिंजवडी

नाना, आदर राखून. हाच तर व्यवहार मोडायला हवा ना? लग्नात माइकवरून "अमक्या अमक्या साहेबांकडून १००१" असं पुकारतात तेव्हा ५१ देणारा मान खाली घालतो. मंगलाष्टकांआधी अर्धा-पाऊण तास टॉवेल-टोपीचे सत्कार, आमदार येईपर्यंत मुहूर्त थांबलेला, वऱ्हाड ४३ डिग्रीत घामाघूम. ते टॉवेल पुढच्या लग्नात पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात. एकच टॉवेल पाच मांडव फिरून आलेला मी पाहिलाय, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आणि साधं लग्न ही काही पुण्याची टूम नाही. जोतीरावांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच साली डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. दीडशे वर्षं झाली. अजून किती वाट बघायची?

एरंडोलचा_नाना

पुकारणं बंद करा, टॉवेल बंद करा, आमदाराला जेवायच्या वेळी बोलवा. माझं काही म्हणणं नाही. मी फेडण्याबद्दल बोलतोय. लग्न साधं करणं हा आपला खर्च कमी करणं झालं. दुसऱ्याने त्याचे पैसे कुठे द्यावे हे सांगणं वेगळं झालं.

भुसावळ_सीए

टॅक्सचं मी सांगतो. सीझन नाही म्हणून वेळ आहे.

पत्रिकेत "८०-जी सवलत उपलब्ध" असं काही छापू नका. ८०-जी म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्समधली वजावट, ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते. नव्या रिजीममध्ये नाही, आणि परवाच्या बजेटात १२ लाखांपर्यंत शून्य टॅक्स केल्यावर तुमचे बहुतेक पाहुणे नव्यातच असतील. शेतकरी पाहुण्यांना तर प्रश्नच नाही. ज्यांना हवी त्यांच्यासाठी नियम असे: पावती देणाऱ्याच्या नावावर आणि पॅनसकट हवी, रोख २००० रुपयांच्या वर दिले तर वजावट नाही, यूपीआय किंवा चेक चालतो. धान्य, वह्या, कपडे दिले तर त्याची वजावट मिळत नाही. दाखला १०-बीई या फॉर्मवर मिळतो. लग्न एप्रिलमध्ये म्हणजे आर्थिक वर्ष नवीन, संस्था त्याचं विवरण ३१ मे २०२६ पर्यंत भरणार. पाहुण्याने मांडवातून घरी जाऊन "माझा दाखला?" असा फोन केला तर वर्षभर थांब म्हणावं लागेल.

दुसरं, लोकांना माहीत नसलेलं. लग्नातला आहेर टॅक्सफ्री असतो तो नवरा-नवरीला. कायद्यात ज्याचं लग्न त्यालाच सूट आहे. आईवडिलांच्या नावाने आलेला आहेर नातेवाइकांचा असेल तर ठीक, पण नात्यात नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० च्या वर गेला तर हिशेबात धरावा लागतो. पाकिटावर नवरदेवाचं नाव घाला, वही अण्णांनी लिहिली तरी चालेल. आणि एका प्रसंगाला एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, दंड घेणाऱ्यावर बसतो. चोपड्यात असा पाहुणा असेल तर मला पण बोलवा.

तिसरं, अमेरिकेतले पाहुणे आहेत का? ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे परदेशी देणगी धरले जातात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर तिला ते घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्टवालेच असतील तर अडचण नाही. सरसकट क्यूआर कोड छापून पाठवला तर हा घोळ संस्थेच्या गळ्यात पडतो, तुमच्या नाही. म्हणून त्यांना आधी विचारा.

चोपड्याची_लेक

बापरे. एक चुलतभाऊ न्यू जर्सीला आहे, नागरिकत्व गेल्या वर्षी घेतलं. बरं झालं सांगितलंत.

पाचोऱ्याची_मामी

तुमची आई का गप्प आहे ते मी सांगते, ताई. आहेर नको म्हटलं की मामाचा आहेर पण आला ना त्यात. भाऊ बहिणीच्या दारात वाजतगाजत येतो, तिला साडी नेसवतो, दाजींना कपडे करतो. हे ती लेकाच्या जन्मापासून डोळ्यासमोर धरून असते. माझ्या नणंदेच्या घरी आम्ही गेलो तेव्हा माझ्या मिस्टरांनी कपाशीचे पैसे आले की आधी तिच्या साडीचे बाजूला काढले होते. बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा पहिली तिची साडी पाहिली, नंतर बाकीचं. सासरी तिचं माहेर भक्कम आहे हे त्या दिवशी गावाला दिसतं. तिथे तुम्ही वसतिगृहाला देणगी द्या म्हणणार का?

तुमचं वसतिगृह चांगलंच असेल. पण आईला वेगळं बसवून विचारा, सगळ्यांसमोर नको.

शिरपूरना_भो

ताई, मन्हं म्हननं इतलंच शे. लोकेसकडथून आहेर लई ल्या, वहीम्हा नाव लिखी ल्या. मंग नवरदेव-नवरीले जितला देना व्हतीन तितला त्या देतीन. पाव्हनासना खिशाम्हा हात कसाले घालतस?

वरणबट्टी_प्रेमी

शिरपूरना भो, एक नंबर. धागा इथेच बंद करा.

जामनेर_रोड

बंद कशाला, मी प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो. नात्यातल्या एका लग्नात असाच प्रयोग झाला. पत्रिकेत ओळ छापली, स्टेजच्या बाजूला संस्थेचा फ्लेक्स आणि पेटी. हेतू स्वच्छ होता, मुलगा गुणी आहे.

झालं काय, नानांनी सांगितलं तसं लोकांनी पाकिटं तर दिलीच. वर पेटी दिसली म्हणून लाजेखातर तिच्यातही टाकले. म्हणजे ज्याला एकदा द्यायचे होते त्याने दोनदा दिले. घरच्या शेतावर सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) होता, तो बायकोला घेऊन आलेला. त्याने ५१ चं पाकीट दिलं आणि पेटीसमोर उभा राहून बायकोच्या बटव्यातून अजून वीस काढले. मला ते बघवलं नाही. आदिवासी पोरांसाठी मदत गोळा करत होतो आणि देणारा स्वतः पावरा, म्हणजे आदिवासीच होता.

त्यावर कहर म्हणजे कुणीतरी उत्साही भाच्याने यूपीआयची यादी रकमेसकट फॅमिली ग्रुपवर टाकली. माइकवरचं पुकारणं बंद केलं म्हणून कौतुक चाललं होतं, हे त्याहून वाईट झालं. माइकवरचं निदान दुसऱ्या दिवशी विसरतात. आठवडाभर कुजबुज: एवढी शेती आणि दिले किती, पेटीतले खरंच पोचले का, पावती कुठाय. पोचले होते, पावतीही होती. पण प्रत्येकाला कोण दाखवत बसणार?

जळगाव_ते_हिंजवडी

सालदाराचं वाचून गप्प झालो. पेटी नकोच. पण एक उरतंच: ज्या मित्रांचा वहीशी काही संबंध नाही, ऑफिसातले, कॉलेजातले, ते खरंच विचारतात "काय आणू?" त्यांना देणगी सांगितली तर कुणाचं काय बिघडतं?

एरंडोलचा_नाना

काहीच नाही. त्यांना तोंडी सांगा. छापू नका.

धुळे_गल्ली_नं_४

वसतिगृह ठीक, पण खान्देशात देण्यासारखी ठिकाणं दुसरीही आहेत, ती कुणाला आठवत नाहीत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ घ्या. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी लोकांनी मंडळ उभं केलं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ चं, प्रताप शेटजींच्या पैशातून. तेव्हाचे श्रीमंत पत्रिका छापून मागत नव्हते, स्वतः देत होते. तालुक्याच्या गावातली वाचनालयं तर पुस्तक खरेदीला महाग आहेत. पोरीच्या लग्नात गावच्या वाचनालयाला पुस्तकांचं कपाट दिलं तर पन्नास वर्षं राहतं.

(विषयांतर झालं, माफी. पण सगळे एकाच प्रकारच्या संस्थेकडे जातात म्हणून बोललो.)

निसर्गवेडा_यावल

परतभेट म्हणून प्रत्येक पाहुण्याला आंब्याचं रोप द्या. देणगीपेक्षा सुंदर.

वरणबट्टी_प्रेमी

एप्रिलात? चोपड्यात? पाहुणा एसटीतून ते रोप भुसावळला नेईपर्यंत त्याचं सरपण होईल. द्यायचंच तर जूनमध्ये पाऊस पडल्यावर घरपोच द्या.

रक्तपेढीवाला_जळगाव

मी जरा वेगळं सुचवतो, कारण रोजचं काम आहे. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्ताचा तुटवडा ठरलेला. आणि त्याच दोन महिन्यांत मांडवात पाचशे-हजार धडधाकट माणसं एका जागी बसलेली असतात. हळदीच्या दिवशी सकाळी शिबिर ठेवा, भर दुपारी नको. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५. उपाशीपोटी नको, नाश्ता झालेला हवा, पाणी भरपूर. आदल्या रात्री "बसलेली" मंडळी आम्ही परत पाठवतो, तेव्हा मित्रांना आधीच तंबी द्या. यात कुणाच्या खिशाला हात लागत नाही, वहीत काही लिहावं लागत नाही आणि सालदार आणि सावकार दोघांची पिशवी सारखीच भरते.

मात्र खोली सावलीची हवी, कूलर हवा. मांडवात पत्र्याखाली आम्ही करत नाही, लोक चक्कर येऊन पडतात.

भुसावळ_सीए

हे बेस्ट. यात टॅक्सचा प्रश्नच नाही, माझं काम संपलं. पेटीबद्दल एक राहिलं होतं: बाहेरच्या लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क खाली घेतात तीच. घरच्या लग्नाला कुणी विचारत बसणार नाही, पण स्वतः पेटी ठेवण्यापेक्षा संस्थेचा माणूस त्यांचं पावतीपुस्तक घेऊन बसला तर शंकेला जागा राहत नाही.

साक्री_पश्चिम

संस्थेला पैसे देताय तर त्यांना आधी विचारा त्यांना काय हवंय. आमच्या भागात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांना गेल्याच महिन्यात पद्मश्री जाहीर झाली. तिथे लोकांनी स्वतःचं जंगल स्वतः राखलं. बाहेरून येणारे फळं, बिस्किटं आणि फोटोग्राफर घेऊन येतात. बिस्किटांनी काय होतंय? वसतिगृहाला मार्चनंतर मुलं घरी गेलेली असतात, खरी गरज जूनमध्ये. गाद्या, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी, किराणा. लग्न एप्रिलमध्ये असलं तरी पैसे जूनमध्ये द्या, आणि नवरा-नवरी दोघं जाऊन द्या.

चोपड्याची_लेक | १६ फेब्रुवारी २०२५

सगळ्यांचे आभार, धागा घरच्यांना वाचून दाखवला. अण्णा नानांच्या पोस्टवर "हा माणूस एरंडोलचा कोण?" एवढंच विचारत होते.

आईशी वेगळं बोलले. मामीताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. मामांनी साडी घेऊनही ठेवलीय, धरणगावहून. तो विषय संपला, मामाचा आहेर वाजतगाजतच येणार.

ठरलं ते असं. पत्रिकेत देणगीचा शब्द नाही. क्यूआर कोड नाही. रोख आहेर नेहमीसारखा घ्यायचा, वही अण्णा लिहिणार, माइकवर पुकारायचं नाही. टॉवेल-टोपी पूर्ण बंद, याला अण्णा लगेच तयार झाले, त्यांनाही कंटाळा होता. आहेरातले पैसे मांडव-आचाऱ्याला जातील, ते अण्णांचे. भाऊ आणि होणारी वहिनी फटाके, प्री-वेडिंग शूट आणि बँडच्या गाडीचा खर्च वगळून तेवढी रक्कम स्वतःच्या खात्यातून वसतिगृहाला जूनमध्ये देणार. संस्थेला फोन केला, त्यांनी गाद्यांचं सांगितलं. पुण्याच्या मित्रांना भाऊ तोंडी सांगेल, ते थेट संस्थेला पाठवतील, आपल्याकडे हिशेब नाही. न्यू जर्सीवाल्याला म्हटलं तू नुसता ये.

रक्तदानाचं मात्र वहिनीच्या वडिलांना फार आवडलं. हळदीला शाळेची खोली मिळते का बघतोय.

एकच अडलंय. वस्तू येऊ नयेत म्हणून "कृपया भेटवस्तू आणू नयेत" एवढी ओळ टाकू का? फुईने (आत्याने) पितळी हंडा-कळशी आधीच घेतलीय असं कळलं.

पाचोऱ्याची_मामी

ओळ टाका, पण फुईला आधी फोन करून सांगा की ही ओळ तुमच्यासाठी नाही. पत्रिका हातात पडायच्या आत फोन जायला हवा.

रक्तपेढीवाला_जळगाव

ताई, तारीख लवकर कळवा, एप्रिलमध्ये आमची टीम आधीच कमी असते. शाळेच्या खोलीत पंखे चालू आहेत का ते बघून या.

नवीन_सभासद_रावेर

पहिल्यांदाच लिहितोय. आमचं उलट आहे, मुलीचं लग्न आहे मे मध्ये. आम्हालाही टॉवेल-टोपी आणि पुकारणं बंद करायचंय, पण मुलाकडच्यांना वाटलं की मुलीकडच्यांनी मानपानात काटकसर केली तर?

एरंडोलचा_नाना

मग आधी व्याह्यांना विचारा, पत्रिका नंतर. मुलीचा बाप एकट्याने काही बंद करायला गेला तर ते मुलीला पुढे ऐकावं लागतं. दोन्हीकडून एकत्र बंद झालं तर गाव बोलत नाही. मी भेटायला येऊ का? रावेरला माझी पुतणी दिली आहे, केळीच्या कापणीला मी तिकडे असतोच.